बाकावर बसलेल्यांची मोजदाद

प्रश्न : माझे चुलत सासरे तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होते. अठरा दिवस मी त्यांच्या सोबतीला होते. वॉर्डात अकरा रुग्ण, त्यातले नऊ पुरुष. सगळे पन्नाशीच्या पुढचे, जवळजवळ सगळ्यांना तंबाखूची सवय आणि बहुतेकांचा आजार गालात नाहीतर हिरडीला. भिंतीवरच्या तक्त्यातही हेच होतं : पुरुष जास्त, वय पन्नास ते सत्तर, जागा गाल. माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत. वीस वर्षं तंबाखू चघळतात. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, दुखत नाही. ते म्हणतात, "तूच बघून आलीस ना, सगळे पन्नाशीपुढचे. माझ्याकडे वेळ आहे, पन्नाशीला सोडतो." त्यांचं बरोबर आहे का? रोज यावरून वाद होतो. (धाकट्या नणंदेलाही जिभेच्या कडेला फोड आहे, सहा आठवडे झाले. पण ती ३६ वर्षांची, तिला कसलीच सवय नाही, दाढ लागते म्हणते. त्यामुळे तिची तशी काळजी नाही.) मिस्टरांना कसं समजावू?

उत्तर :

प्रिय ताई,

तुम्ही विचारलंय यजमानांबद्दल, पण मी सुरुवात कंसातल्या ओळींपासून करते. तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तिथे आहे.

जिभेच्या कडेला सहा आठवडे न भरलेला फोड. इतकंच वाचून मी नणंदेला याच आठवड्यात तपासणीला पाठवा म्हणेन. तिचं वय, ती बाई आहे की पुरुष, तिला सवय आहे की नाही, हे मी नंतर विचारेन. तिला कर्करोग झालाय असं मी म्हणत नाहीये. टोकदार दाढेने जीभ सोलते आणि जखम रेंगाळते, हे आम्ही नेहमी पाहतो. पण त्याची एक साधी परीक्षा आहे. दाढेचं टोक घासून गुळगुळीत करायचं आणि दोन आठवडे थांबायचं. दाढेमुळे झालेली जखम तेवढ्यात भरते किंवा निदान निम्मी तरी होते. भरली नाही, तर दाढेवरचा आळ काढून घ्यायचा आणि जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. नणंदेचे सहा आठवडे "दाढ लागते" म्हणण्यात गेले आणि दाढ कुणी घासलीच नाही, असं दिसतंय. म्हणून आता घरी आणखी थांबू नका. दाढ घासून वाट पाहायची की लगेच तुकडा घ्यायचा, हे जिभेला बोट लावून पाहणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या.

तिची काळजी तुम्हाला का वाटली नाही, तेही मला समजतं. अठरा दिवस तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंत त्यात ती कुठेच बसत नव्हती. वॉर्डात बहुतेक पुरुष, सगळे वयस्क, जवळजवळ सगळे सवयीचे, आणि ही तर यातली काहीच नाही. यजमानांनी त्याच दृश्यातून स्वतःसाठी सहा वर्षांची मुदत काढली आणि तुम्ही नणंदेला पूर्ण सूट दिलीत. हिशेबाची चूक दोन्हीकडे एकच आहे, आणि ती शिकलेली माणसंही करतात.

माझं काम तोंडातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचं. प्रत्येक तुकड्याबरोबर एक कागद येतो. त्यावर वय, स्त्री की पुरुष, सवय, जागा आणि शेवटच्या रकान्यात "किती दिवसांपासून" एवढं लिहिलेलं असतं. वर्षाअखेरीस या कागदांची बेरीज केली की तुम्ही भिंतीवर पाहिलात तसा तक्ता तयार होतो. असे तक्ते मीही केलेत. ते खोटे नसतात. पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतात : ज्यांना हा आजार झाला आणि जे इथवर पोचले, ते कोण होते? तुमच्या नणंदेचा प्रश्न नेमका उलटा आहे. जिभेच्या कडेला सहा आठवडे फोड असलेल्या बायकांपैकी किती जणींना काही गंभीर निघतं? त्याचं उत्तर त्या तक्त्यात कुठेच नाही. रुग्णांमध्ये बायका कमी आहेत, यावरून एखाद्या बाईच्या न भरणाऱ्या फोडाबद्दल काहीच ठरत नाही.

दुसरं असं, की दवाखाना म्हणजे अख्खा समाज नव्हे. तिथे कोण पोचतं, याला आधीच बऱ्याच चाळण्या लागलेल्या असतात. जोसेफ बर्कसन या संख्याशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये हीच गोष्ट गणिताने मांडली : दवाखान्यातल्या रुग्णांवरून बाहेरच्यांबद्दल निष्कर्ष काढला तर नसलेले संबंध दिसायला लागतात. तुम्ही होतात तो शस्त्रक्रियेचा वॉर्ड. ज्यांच्या आजाराला मोठी शस्त्रक्रिया आणि मोठा मुक्काम लागतो, तेच तिथे दिसणार. ज्याचा चट्टा वेळेत सापडला आणि जो टाके घालून त्याच दिवशी घरी गेला, तो तुम्हाला त्या अठरा दिवसांत दिसलाच नाही. ज्या बाईला घरच्यांनी अजून आणलेलंच नाही, तीही दिसली नाही.

आता तक्त्यात जे खरं आहे तेही सांगते, कारण त्यातूनच यजमानांशी बोलायचा रस्ता निघतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे ३ लाख ८९ हजार नवे रुग्ण होतात आणि सुमारे १ लाख ८८ हजार माणसं त्याने दगावतात. पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त आहे. पण पुरुषाचं तोंड काही वेगळ्या मातीचं नसतं. तंबाखू, सुपारी आणि दारू यांचं प्रमाण जिकडे जास्त, तिकडे आजार जास्त. ज्या समाजात बायकाही चघळतात, तिथे हे अंतर कमी होतं.

जागेचंही तसंच. तक्त्यात गाल पहिला, कारण चघळण्याची वस्तू तासन्‌तास गाल आणि हिरडीच्या खाचेत दाबून ठेवली जाते. दक्षिण आशियातल्या दवाखान्यांत गाल-हिरडीचे रुग्ण खूप दिसतात. युरोप-अमेरिकेत, जिथे धूम्रपान आणि दारू ही मुख्य कारणं, तिथे जिभेची कड आणि जिभेखालची जागा पुढे असते. जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला इजा होते. उन्हात राबणाऱ्यांचा खालचा ओठ बिघडतो. जागेवरून सवय ओळखू यावी, इतकं हे नातं घट्ट आहे. यजमानांना फक्त एवढंच विचारा : तंबाखू कुठल्या बाजूला ठेवता? उत्तर "डावीकडे" आलं, तर चट्टा तिथेच का, हे त्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

मात्र सवय नसलेल्यांनाही हा आजार होतो. काही देशांत तरुण वयातला जिभेचा कर्करोग वाढताना दिसतो. त्यात कसलंही व्यसन नसलेल्या बायकाही आहेत, आणि त्याचं नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. जिभेत तो सगळ्यात जास्त होतो कुठे, तर कडेला आणि खालच्या बाजूला. म्हणून नणंदेचा फोड मला "कडेला" आहे हे वाचून जास्त खटकला.

आता "माझ्याकडे वेळ आहे" याबद्दल. तक्त्यात लिहिलेलं वय हे निदान झालं त्या दिवशीचं वय असतं. आजार कधी सुरू झाला, ते त्यात नसतं. त्या वॉर्डातल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाचं तोंड तो चव्वेचाळीसचा असताना कसं होतं, हे तुम्ही त्याला विचारलंत का? पुष्कळांकडून मी जे ऐकलंय ते असं : "एक पांढरा डाग होता, दुखत नव्हता, म्हणून लक्ष दिलं नाही." यजमान त्या माणसाच्या अकरा वर्षं मागे आहेत, म्हणजे त्याच वाटेवर आधीच्या मुक्कामाला आहेत. आणि हा असा मुक्काम आहे की इथून परतता येतं.

पांढरा चट्टा, ज्याला आम्ही ल्युकोप्लाकिया म्हणतो, तो बहुतेकांत कर्करोगापर्यंत जात नाही. हे मी यजमानांना घाबरवण्यासाठी लपवणार नाही. काहींत तो जातो. त्यातला कुठला जाणार, हे नुसत्या नजरेने मलाही सांगता येत नाही, आणि मी आयुष्यभर हेच पाहत आले आहे. सपाट, एकसारखा पांढरा असेल तर धोका कमी. खडबडीत, चामखिळीसारखा, मध्येच लाल ठिपके असलेला असेल तर जास्त. निव्वळ लाल मखमली चट्टा सगळ्यात वाईट. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ६५ लाल चट्ट्यांचे तुकडे तपासले, तेव्हा निम्म्यांत कर्करोग आधीच आत शिरलेला होता. उरलेल्यांतल्या बहुतेकांत तो उंबरठ्यावर होता. म्हणून रंग पाहा, पण "पांढराच आहे" म्हणून निश्चिंत होऊ नका.

यजमान सुपारीही खात असतील तर आणखी एक गोष्ट बघा. त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून ती पुढच्या दातांमध्ये जाताहेत का? तिखट लागलं की तोंडाची आग होते का? गाल आतून दोरीसारखे ताणलेले लागतात का? सुपारीने गालाच्या आतलं आवरण घट्ट होत जातं, तोंड उघडेनासं होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातूनही कर्करोग होतो. "नुसती सुपारी, तंबाखू नाही" असं अजूनही लोक अभिमानाने सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोग घडवते, हे २००४ मध्येच छापून सांगितलंय.

मघाशी मी कागदावरच्या शेवटच्या रकान्याचा उल्लेख केला. "किती दिवसांपासून." भिंतीवरच्या तक्त्यात हा रकाना सहसा येत नाही, आणि माझ्या मते खरा वाचण्यासारखा तोच आहे. त्यात काय लिहिलेलं असतं? "तीन महिने, तोंड आलंय म्हणून गोळ्या घेतल्या." "पाच महिने, दात काढला, जखम भरली नाही." "आठ महिने, दुखत नव्हतं." कागद कुठल्याही वयाचा असो, या ओळी जवळजवळ सारख्याच. वय, लिंग, सवय हे रकाने माणूस येताना घेऊन आलेला असतो, ते आता बदलत नाहीत. शेवटचा रकाना मात्र प्रत्येकाच्या हातात होता.

त्या दिवसांवर किती अवलंबून असतं? दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि पाच मिलिमीटरपेक्षा खोल न गेलेली गाठ ही आम्ही पहिली पायरी धरतो. तिथे शस्त्रक्रिया आटोपशीर होते आणि बोलणं-गिळणं बरंचसं शाबूत राहतं. अमेरिकेतल्या नोंदींनुसार तोंड आणि घशाचा कर्करोग जागच्या जागी असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे. शरीरात लांब पसरल्यावर ते ४० टक्क्यांच्या आसपास येतं. आणि पहिल्या पायरीवर तो दुखत नाही, हीच सगळ्यात मोठी फसगत. दुखायला लागेपर्यंत थांबणारा माणूस स्वतःहून पुढच्या पायरीवर जाऊन उभा राहतो.

लवकर सापडावं म्हणून फार मोठी यंत्रं लागतात, असंही नाही. केरळमध्ये १९९६ पासून एक मोठी पाहणी झाली. डॉक्टर नसलेले, पण नीट शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडं तपासायचे. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये या तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, असं २००५ मध्ये दिसून आलं. नुसतं तोंड उघडून, उजेड पाडून पाहिल्यामुळे! हा आकडा यजमानांना जरूर सांगा. तो त्यांच्यासारख्यांचाच आहे.

समजावायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. "तंबाखू सोडा" यावरचा वाद काही दिवस बाजूला ठेवा. एकदम दोन गोष्टी मागितल्या की माणूस दोन्हींना नाही म्हणतो. आत्ता फक्त एक मागा : तोंड दाखवायचं. सोडायचं की नाही ते नंतर बघू, असं स्वच्छ सांगा. चट्टा डॉक्टरांनी आरशात दाखवला की सवय सोडण्याचं बोलणं पुष्कळदा माणूस स्वतःच काढतो. आणि सोडण्याचं फळ डोळ्यांना दिसतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तंबाखू ठेवण्याच्या जागी आलेले कितीतरी चट्टे सवय बंद केल्यावर काही आठवड्यांत फिके होतात, काही पूर्ण जातात. जो जात नाही, त्याचा तुकडा तपासायचा. खडबडीत किंवा लालसर असला, तर वाट न पाहताच. दारू असेल तर तीही त्याच बैठकीत काढा. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, त्याहून पुष्कळ जास्त वाढ होते.

तुमच्या घरात कुणीतरी "सुई लावली की पसरतो" म्हणणार. मी इतकी वर्षं हे ऐकत आले, आणि या एका वाक्याने किती लोकांचे महिने वाया घालवले, ते मी शेवटच्या रकान्यात वाचलंय. तुकडा घेतल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. जागा बधिर करतात, चट्ट्याच्या कडेवरून डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, लागलाच तर एखादा टाका. तो तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत आमच्याकडे येतो. मेणात बसवून त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या हिश्श्याएवढे. रंगवल्यावर गुलाबी-जांभळं चित्र दिसतं. तोंडाच्या अस्तराखाली एक पातळ पडदा असतो. पेशी त्याच्या वर नीट रांगेत उभ्या असतील तर मी सुटकेचा श्वास टाकते. रांग बिघडलीय, पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद झालीत, पण पडदा शाबूत आहे, तर त्याला डिस्प्लेसिया म्हणतात. तो सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतो. पेशींची टोळकी पडदा फोडून खाली उतरलेली दिसली, तर तो कर्करोग.

तपासणीला जाईपर्यंत घरी पाहायचं असेल तर दोघांचंही पाहा. खिडकीजवळ बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा. नणंदेची जीभ कोरड्या स्वच्छ कापडात धरून बाजूला ओढा आणि मागपर्यंतची कड पाहा. मग धुतलेलं बोट फोडाखाली फिरवा. नेहमीचं तोंड येतं ते पहिल्या दिवसापासून झोंबतं, मऊ असतं, भोवती लाल कडं असतं आणि आठ-पंधरा दिवसांत भरतं. बुडाशी कडक लागलं, कडा उचललेल्या दिसल्या, बोट लावताच रक्त आलं, मानेत गाठ लागली, गिळताना कानात कळ येते म्हणाली, तर आठवडाही थांबू नका, उद्याच जा. यातलं काहीही नसलं तरी याच आठवड्यात जायचंच. घरचं बोट तपासणीची जागा घेत नाही.

जायचं कुठे? दातांच्या डॉक्टरांकडे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे किंवा दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात. नणंदेने "दाढ लागते" एवढंच सांगितलं तर दाढेवरच उपचार होईल. म्हणून पहिलं वाक्य हे असू दे : "जिभेवर सहा आठवडे न भरलेली जखम आहे." पुन्हा जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि जेल मिळालं, तर तिथेच विचारा, तुकडा कधी घ्यायचा? दाढ काढण्याचा सल्ला मिळाला, तर आधी जखमेचा निर्णय करून घ्या. यजमानांनाही त्याच दिवशी बरोबर न्या. बहिणीला सोबत म्हणून ते नक्की येतील, आणि दुसऱ्या खुर्चीवर बसायला मग फार आढेवेढे घेणार नाहीत.

दोघांचे रिपोर्ट हातात आले की नाव झाकून मला पाठवा. शब्द कळले नाहीत तर मी समजावून सांगेन. नणंदेचा आधी पाठवा.